पेठ, तळे आणि नगर : एका राजधानीचा वारसा

(जे. पी. नगर, बंगळूर येथे मराठीभाषक रहिवाशांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

एखाद्या राजधानीच्या शहरात पाहुणा आला म्हणजे तो प्रथम विचारतो, ‘येथे पाहण्यासारखे काय आहे?’ त्या शहरात राहणारा माणूस हा प्रश्न सहसा विचारीत नाही. दूध कोठे मिळते, बस कोठे थांबते, नळाला पाणी केव्हा येते, एवढे त्याला ठाऊक असले की त्याचे काम भागते. पाहुण्याला शहराच्या इमारती दिसतात आणि रहिवाशाला शहराची सवय होते. या दोघांच्या दृष्टीचा मेळ घातल्याखेरीज वारसा म्हणजे काय हे कळत नाही, असे मला वाटते. आज आपल्याच शहराकडे अशा दुहेरी दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न करावयाचा आहे.

तुलनेसाठी प्रथम थोडे दूर जाऊ. युरोपच्या उत्तरेस, बाल्टिक प्रदेशात, तीन लहान राष्ट्रांच्या तीन राजधान्या आहेत : तालिन, रीगा आणि विल्निउस. त्यांपैकी तालिनने आपला मध्ययुगीन तट पुष्कळसा राखला आहे. सुमारे दोन किलोमीटर लांबीची भिंत आणि वीसहून अधिक बुरूज आजही उभे आहेत. तेथील नगरभवन १४०४ साली पूर्ण झाले. त्याच चौकातील औषधांच्या दुकानाचा उल्लेख १४२२ सालच्या कागदपत्रांत सापडतो आणि त्या जागी अद्याप औषधे मिळतात. रीगाने निराळा मार्ग धरला. वाढत्या व्यापाराला तटबंदी अडचणीची वाटू लागली, तेव्हा १८५७ पासून ती पाडण्यात आली. परंतु तटाभोवतालचा खंदक त्यांनी बुजविला नाही. त्याचा कालवा केला आणि दोन्ही काठांवर उद्याने केली. याच रीगामध्ये व्यापारी मंडळाची एक जुनी, नक्षीदार वास्तू १९४१ साली युद्धात जळाली. तिचे अवशेषही पुढे काढून टाकण्यात आले. १९९९ साली नागरिकांनी ती पुन्हा उभी केली. तालिन आणि रीगा या दोन्ही शहरांचे जुने भाग १९९७ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले.

म्हणजे जुन्याचे काय करावे याची तीन उत्तरे येथे मिळतात : जसेच्या तसे राखावे, त्याला नवे रूप द्यावे, किंवा नष्ट झालेले पुन्हा उभारावे. आपल्या बंगळूरने यांपैकी कोणते उत्तर दिले?

याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तालिनची आजची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास आहे. १९४१ च्या जनगणनेत बंगळूरची लोकसंख्या सुमारे चार लाख होती, म्हणजे त्या काळचे बंगळूर आजच्या तालिनच्या जवळजवळ मापाचे होते असे म्हणता येईल. २०११ च्या जनगणनेत मात्र बंगळूर महापालिकेच्या हद्दीत ८४ लाख माणसे मोजली गेली. सत्तर वर्षांत जे शहर वीसपट वाढले, त्याच्याकडून बाल्टिक काठच्या शहरासारख्या शांत जतनाची अपेक्षा करणे न्यायाचे होणार नाही. तथापि, एवढी वाढ झाली म्हणून सर्वच हानी अटळ होती असे समजणे हेही खरे नव्हे.

आता आपण एक प्रवास करू. त्यासाठी आपल्या जयप्रकाशनगर स्थानकावरून मेट्रोत बसून चिक्कपेटला जावयाचे आहे. ही मार्गिका २०१७ साली येथपर्यंत आली. अर्ध्या तासाहूनही कमी वेळात ती आपल्याला जवळजवळ पाच शतके मागे नेते.

आरंभ आपल्या नगरापासून करू. जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी ही वसाहत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढत गेली. बंगळूर विकास प्राधिकरण १९७६ साली स्थापन झाले आणि शहराच्या दक्षिणेकडील शेतजमिनींवर आखीव भूखंड पाडले गेले. तीस फूट गुणिले चाळीस, चाळीस गुणिले साठ, ही मापे आपल्यापैकी अनेकांच्या खरेदीखतांत असतील. भूखंडांखाली मात्र जुनी गावे होती. सारक्की, पुट्टेनहळ्ळी, जरगनहळ्ळी, मारेनहळ्ळी ही नावे आजही रस्त्यांच्या व तळ्यांच्या रूपाने टिकून आहेत. ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. आपण ‘फेज’ आणि ‘क्रॉस’ या शब्दांनी पत्ता सांगतो, आणि त्या पत्त्याच्या तळाशी एक खेडे असते, हे विसरून चालणार नाही.

पुढचे मोठे स्थानक जयनगर. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, या वसाहतीचा आरंभ झाला. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, प्रत्येक विभागाला बाजार आणि बाग, अशी तिची आखणी होती. मध्यमवर्गीय निवृत्त कर्मचाऱ्याचे ‘स्वतःचे घर’ हे जे स्वप्न होते, त्याला दगडामातीचे रूप प्रथम येथे मिळाले. मागे ‘युटिलिटी’, पुढे दोन नारळ, कुंपणाला जास्वंद, दारात रांगोळी. आपल्या नगरातील घरे याच घरांची धाकटी भावंडे होत.

त्यानंतर लालबाग येते आणि येथे आपला कालक्रम थोडासा मोडतो. हैदर अलीने १७६० च्या सुमारास ही बाग घालण्यास प्रारंभ केला व टिपू सुलतानाने ती वाढविली. बागेतील काचघर १८८९ चे. परंतु या बागेत जो काळा-करडा खडक उघडा पडलेला दिसतो, त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे आहे, असे भूवैज्ञानिक सांगतात. त्या खडकाच्या माथ्यावर केंपेगौडांच्या घराण्याचा एक छोटा मनोरा आहे. असे चार मनोरे शहराच्या चार बाजूंना आहेत आणि शहर त्यांच्यापलीकडे वाढणार नाही अशी कल्पना होती, अशी आख्यायिका सांगतात. आज ते चारही मनोरे शहराच्या पोटात गेले आहेत.

नॅशनल कॉलेजचे स्थानक हे बसवनगुडीचे दार. १८९८ साली बंगळूरमध्ये प्लेगची साथ आली. मुंबईत ती १८९६ मध्ये आणि पुण्यात १८९७ मध्ये आली होती. त्या साथीने पुण्यात काय घडविले हे मराठी माणसाला सांगावयास नको. मुंबईत १८९८ साली नगर सुधार मंडळ स्थापन झाले आणि दादर-माटुंग्याची आखणी पुढे आली. बंगळूरमध्ये त्याच भीतीतून, दाट पेठेतील माणसांना मोकळी हवा मिळावी म्हणून, बसवनगुडी आणि मल्लेश्वरम्‌ या वसाहतींना चालना मिळाली. म्हणजे ज्या घरांकडे पाहून आज आपण ‘किती सुंदर!’ म्हणतो, त्यांच्या ओसऱ्या, अंगणे आणि मागच्या बोळी यांच्या मुळाशी एका महामारीचे भय आहे. दिवाळीनंतर, कार्तिकातील शेवटच्या सोमवारी, येथील मोठ्या नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते. नव्या पिकाच्या शेंगांचे ढीग रस्त्याच्या दोन्ही कडांना लागतात. तेव्हा ही वसाहत वसण्यापूर्वी तेथे शेते होती, याची आठवण शहराला वर्षातून एकदा होते.

येथे थोडे व्यक्तिगत बोलण्याची परवानगी घेतो. मी १९७४ साली नोकरीनिमित्त या शहरात आलो, तेव्हा बसवनगुडीतील एका ‘वठारा’त मला खोली मिळाली. वठार हा शब्द ऐकून मी चकित झालो होतो. मराठीत वठार म्हणजे वस्तीचा भाग, आळी. कानडीत ‘वठार’ म्हणजे एका अंगणाभोवती किंवा एका बोळात ओळीने बांधलेली भाड्याची घरे, म्हणजे साधारणपणे आपल्या पुण्याच्या वाड्यातील बिऱ्हाडे. आमच्या वठारात पाच बिऱ्हाडे, एक विहीर आणि एक नारळ होता. जमिनीला लाल रंगाची फरशी होती. म्हणजे फरशी नव्हेच. सिमेंटच्या गिलाव्यात लाल भुकटी कालवून, हाताने घोटून केलेली ती अखंड जमीन. उन्हाळ्यात तिच्यावर पाठ टेकली की पंख्याची गरज भासत नसे. मालकीणबाई, ज्यांना सर्व बिऱ्हाडे ‘अज्जी’ म्हणत, मला रोज सकाळी विचारीत, ‘ऊट आयता?’ म्हणजे जेवण झाले का. सकाळी आठ वाजता जेवणाची चौकशी कशाला, असे मला वाटे. पुढे कळले की तो प्रश्न नसून नमस्कार आहे. आपल्याकडेही वाटेत भेटलेला माणूस ‘काय, जेवण झाले का?’ असेच विचारतो.

त्या वठारात मी सहा वर्षे राहिलो. अज्जी गेल्यावर काही काळाने ती जागा विकली गेली आणि तेथे नवी इमारत उभी राहिली. यात कोणाचा दोष नाही. वारसांना आपापली घरे हवी होती. परंतु एक गोष्ट मला आजही टोचते. शाळेत मुलांना इतिहास शिकविणारा मी, त्या घराचे एकही छायाचित्र माझ्यापाशी नाही. कागदावर पेन्सिलीने चार रेघा ओढून त्याचा नकाशाही मी काढून ठेवला नाही. विहीर अंगणाच्या कोणत्या कोपऱ्यात होती, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. बेलूर-हळेबीडची सहल मी दरवर्षी काढीत असे. ज्या घरात मी राहत होतो ते इतिहासाचा भाग आहे, हे मात्र मला सुचले नाही.

पुन्हा प्रवासाकडे वळू. येथून गाडी जमिनीखाली जाते आणि कृष्णराजेंद्र मार्केटच्या स्थानकावर येते. हा बाजार १९२१ चा. किल्ला आणि पेठ यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर तो उभा आहे. येथे सिद्दिकट्टे नावाचे तळे होते. पहाटे तेथे फुलांचे ढीग उतरतात आणि संध्याकाळपर्यंत ती फुले देवघरांत, गजऱ्यांत आणि लग्नमांडवांत पोहोचतात. जवळच हैदर अलीने १७६१ साली दगडात बांधविलेल्या किल्ल्याचा दिल्ली दरवाजा व त्यालगतचा थोडा भाग शिल्लक आहे. हाच किल्ला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने १७९१ च्या मार्च महिन्यात घेतला. टिपूचा लाकडी उन्हाळी महालही येथेच आहे. त्याचे काम हैदरने सुरू केले व टिपूने १७९१ मध्ये पूर्ण केले. सागवानी खांब, महिरपी आणि भिंतींवरील फिकट झालेले रंग, एवढ्यावरून त्याच्या मूळच्या शोभेची कल्पना येते.

आणि शेवटी चिक्कपेट. ‘चिक्क’ म्हणजे धाकटी, ‘दोड्ड’ म्हणजे थोरली. पेटे आणि पेठ हा शब्द एकच होय. परंपरा सांगते की १५३७ साली केंपेगौडा यांनी चिक्कपेटे आणि दोड्डपेटे जेथे एकमेकींना छेदतात त्या जागी चार नांगर जुंपून चार दिशांना सोडले आणि त्या नांगरांच्या रेषा हेच शहराचे पहिले रस्ते झाले. भोवती मातीचा तट आणि हलसूर, यलहंका, आनेकल व केंगेरी या गावांच्या दिशांना दरवाजे. पेठांची नावे वाचली तर त्या काळच्या उद्योगांची यादीच हाती येते. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्किपेटे. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेटे. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेटे. कुंभारपेटे आणि गाणिगरपेटे यांचे अर्थ मराठी माणसाला कानडी न येताही कळतात. पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत, बंगळूरच्या पेठांना मालाची आणि कारागिरांची. पुढे दुकान, मागे घर, मधोमध उघडा चौक अशी येथील जुन्या घरांची रचना असे. दर्शनी भाग अरुंद आणि खोली फार, कारण बाजारपेठेत रस्त्याकडील प्रत्येक हाताला मोल होते.

शहराचे नाव मात्र या स्थापनेहून पुष्कळ जुने आहे. राजाला एका म्हातारीने शिजविलेले कडधान्य खाऊ घातले म्हणून ‘बेंद काळू ऊरु’ हे नाव पडले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, परंतु येथून फार दूर नसलेल्या बेगूरच्या नागेश्वर मंदिरातील इ. स. ८९० च्या सुमाराच्या वीरगळावर ‘बेंगळूरु’ येथील लढाईचा उल्लेख आहे. त्यामुळे ही गोष्ट मागाहून रचलेली दिसते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शासनाने ‘बेंगळूरु’ हेच रूप अधिकृत केले, ते त्या शिळेवरील नावाशी जुळणारे आहे.

आता त्या प्रकरणाकडे येतो, ज्याची आपण वाट पाहत असाल. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाहीचा सेनापती रणदुल्लाखान आणि शहाजीराजे भोसले यांनी हे शहर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. सुमारे पंचवीस वर्षे, १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू येईपर्यंत, त्यांचा या प्रदेशाशी निकटचा संबंध होता. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. त्यावरून त्या दरबारात किती भाषांतील कवी एकत्र येत असत हे दिसून येते. शहाजीराजांच्या मागे ही जहागीर व्यंकोजींकडे, म्हणजे एकोजीराजांकडे आली. १६७७ नंतर शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांच्यात जो तह झाला, त्याची जी कलमे मराठी साधनांत आढळतात, त्यांत बंगळूरचा प्रांत व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिल्याचे म्हटले आहे. एक अवघे शहर भावजयीच्या चोळीबांगडीला! पुढे व्यंकोजींनी तंजावरात स्थिर झाल्यावर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांशी बंगळूरच्या विक्रीची बोलणी केली. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले आणि अखेर ते तीन लक्ष रुपयांच्या व्यवहाराने म्हैसूरकडे गेले.

हे सर्व ऐकून आपली छाती किंचित फुगते, हे मी नाकारीत नाही. माझीही फुगली होती. परंतु मल्लेश्वरम्‌च्या काडु मल्लेश्वर मंदिरापाशी १६६९ सालचा एकोजींचा शिलालेख आहे. देवाच्या पूजेअर्चेसाठी एक गाव इनाम दिल्याची ती नोंद. ती कोणत्या भाषेत आहे? कानडीत. मराठा राजाने आपले दान येथील माणसांना वाचता येईल अशा भाषेत खोदविले. माझ्या मते या शहरातील आपला खरा वारसा तो शिलालेख आहे. तो सांगतो की येथे सत्ता असतानाही आपल्या पूर्वजांनी या भूमीची भाषा वापरली. मग येथे केवळ रहिवासी म्हणून राहणाऱ्या आपण तिच्याविषयी किती आस्था बाळगली पाहिजे!

पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या रंगारी, शिंपी आणि व्यापारी कुटुंबांनी हे न सांगता केले. त्यांच्या घरातील मराठीत कानडी शब्द मिसळले, कानडीतही मराठी शब्द गेले. घरी विठोबा, बाहेर करग. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मरायाच्या देवळातून निघणारा करग तिगळ समाजाचा. फुलांनी मढविलेला तो उंच भार डोक्यावर घेऊन वाहक पेठेच्या गल्ल्यांतून जातो आणि वाटेत हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही भेट देतो. दारात उभे राहून त्याची वाट पाहणाऱ्यांत कोणाची मातृभाषा कोणती, हे त्या रात्री कोणी विचारीत नाही.

राजधानी म्हणून या शहराचे रूप पुढील काळात घडले. १८०९ मध्ये इंग्रजांनी लष्करी छावणी वसविली. १८३१ मध्ये म्हैसूरचा कारभार त्यांनी हाती घेतला आणि कचेऱ्या बंगळूरला आल्या. पेठ आणि छावणी ही दोन शहरे शेजारी शेजारी, परंतु निराळ्या प्रशासनांखाली वाढली. ती १९४९ मध्ये एका महापालिकेत आली. १८६८ साली पूर्ण झालेली तांबडी दुमजली इमारत, जिच्यात आज उच्च न्यायालय आहे, तिला लोक ‘अठारा कचेरी’ म्हणत आले. अठरा खात्यांच्या कचेऱ्या तिच्यात होत्या. अठराला कानडीत ‘हदिनेंटु’ म्हणतात. तरीही इमारतीचे नाव आपल्याला उलगडून सांगावे लागत नाही. तिच्यासमोर केंगल हनुमंतय्या यांच्या पुढाकाराने १९५१ ते १९५६ या काळात विधानसौध उभे राहिले. परकीय सत्तेच्या लाल इमारतीपुढे स्वतंत्र राज्याची भव्य दगडी इमारत असावी, ही त्यामागची भावना होती आणि ती समजण्याजोगी आहे.

याच अठरा कचेरीची एक हकीकत आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. १९८० च्या दशकात ती वास्तू पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव आला. तेव्हा शहरातील नागरिकांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर वास्तू राहिली आणि तिचा उपयोगही चालू राहिला. दुसरे उदाहरण अलीकडचे. टिपूच्या काळातील एक शस्त्रागार रेल्वेच्या नव्या मार्गाच्या आड येत होते. २०१७ मध्ये ते संपूर्ण उचलून सुमारे शंभर मीटर अंतरावर सरकविण्यात आले. रेल्वेमार्गही झाला आणि वास्तूही वाचली. म्हणजे मनात आणले तर या शहरालाही उपाय सापडतो.

परंतु आपली मोठी हानी इमारतींची नाही, ती पाण्याची आहे. या शहराला नदी नाही. केंपेगौडा आणि त्यांच्या वंशजांनी तळी खोदली, एकाचे जादा पाणी दुसऱ्यात जाईल अशी त्यांची साखळी जोडली आणि त्यावर शहर जगले. त्यांतील धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. रीगाने तट पाडला तरी खंदकातील पाणी राखले. आपण मात्र तळी बुजविली आणि त्यांची नावे तेवढी ठेवली. पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी तुंबते तेव्हा आपण चिडतो. वस्तुतः ते पाणी आपली जुनी वाट शोधीत असते.

येथे आपल्या नगराविषयी एक समाधानाची गोष्ट सांगता येते. पुट्टेनहळ्ळीचे तळे मरणपंथाला लागले होते. आजूबाजूच्या रहिवाशांनी २०१० मध्ये विश्वस्त संस्था स्थापन केली, महापालिकेबरोबर काम केले, आणि त्या तळ्यावर पुन्हा पाणी व पक्षी आले. या कामात कोणी राजा नव्हता, कोणी दिवाण नव्हता. निवृत्त माणसे होती, गृहिणी होत्या, सुटीच्या दिवशी हातमोजे घालून कचरा वेचणारे तरुण होते. पाच शतकांपूर्वी तळे खोदणाऱ्यांइतकाच त्यांचाही या शहराच्या इतिहासात वाटा आहे, असे मी मानतो. त्याचप्रमाणे २००४ पासून या नगरात ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह आहे. ज्या शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ते उभे राहिले, त्यांनी रंगभूमीचे धडे मुंबईत मराठी नाटकांतून घेतले होते. तेथे नाटक ठरल्या वेळी सुरू होते आणि उशिरा येणाऱ्याला दार उघडत नाही. चांगली सवय हाही वारसाच होय.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची घरे १९८० च्या दशकातील आहेत. ती आता चाळीस वर्षांची झाली. मुले दूर गेली आहेत, गुडघे जिना चढू देत नाहीत आणि त्या जागी चार मजले उभारू असे सांगणारी माणसे दारात येत असतील. घर द्या किंवा देऊ नका, असा उपदेश मी करणार नाही. तो ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न आहे. माझे मागणे लहान आहे. घर देण्यापूर्वी त्याचा नकाशा काढून ठेवा. प्रत्येक खोलीचे, जिन्याचे, ओट्याचे, मागच्या नळाचे छायाचित्र घ्या. जमीन लाल असेल तर ती कोणी घोटली, खिडकीचे लाकूड कोठून आणले, पहिल्या वर्षी पाणी कोठून आणावे लागे, हे लिहून ठेवा. मराठीत लिहा, कानडी येत असल्यास कानडीतही लिहा. अंगणात जुने झाड असेल तर नव्या नकाशात त्याला जागा मागा. आणि जवळच्या तळ्यावर महिन्यातून एकदा तरी जा.

रीगाच्या नागरिकांना आपली जळालेली वास्तू पुन्हा उभी करता आली, कारण त्यांच्यापाशी तिची चित्रे आणि मोजमापे शिल्लक होती. माझ्या वठाराचे तसे काहीही शिल्लक नाही. ती चूक माझी एकट्याची आहे आणि ती आता दुरुस्त होणार नाही. आपल्या हाती मात्र अजून वेळ आहे. उद्या रविवार आहे. पट्टी आणि कागद घेऊन बसावयास तो दिवस चांगला आहे.